रोडरोलरखालचं चित्र

वणी
फेब्रुवारी २००६

प्रिय आभा,

फोनवर तू विचारतेस, 'आई, जेवलीस का?' मी 'हो' म्हणते, आणि मग दोघींनाही पुढे काही सुचत नाही. म्हणून आज निवांत लिहायला बसलेय. हाताची शाई अजून निघालेली नाही. कागदावर अंगठे उमटले तर हसू नकोस.

बाबा गेल्यावर तू आली होतीस तेव्हाचं घर तुला आठवतच असेल. बाबांची खुर्ची भिंतीकडे वळवलेली, खिडक्या बंद, आणि मी एकाच वाटीत वरण-भात कालवून उभ्यानेच खाणारी. तू गेलीस आणि माळ्यावर वाळवी लागली, म्हणून मला ट्रंक काढावी लागली. तिच्या तळाशी नागपूरच्या कॉलेजातल्या माझ्या लाकूड कोरायच्या पटाश्या निघाल्या. शाळेत मुलांना तीस वर्षं आंबे आणि फुलदाण्या काढायला शिकवलं, पण या पटाश्यांना लग्नानंतर हात लावला नव्हता. अंगणात त्यांना धार लावत बसले, तर मागच्या गल्लीतली तानाबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. "बाई, सुतारकाम कायले काढलं या वयात?"

तानाबाई जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायची. यंदा भाव असा पडला की कापूस बाजारात फारसा आलाच नाही. दिवाळीनंतर जिनिंगच्या फाटकाला कुलूप लागलं आणि सगळ्या बायका घरी बसल्या. मी तिला फळीच्या तुकड्यावर पटाशी चालवून दाखवली, वरून शाई फिरवली, कागद ठेवून वाटीच्या बुडाने घासला. कागद उचलल्यावर कडुनिंबाची डहाळी उमटली. ती कितीतरी वेळ बघत राहिली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुग्राबीला घेऊन आली, आणि झरी गावाकडून जिनिंगच्या कामासाठी येऊन इथेच राहिलेल्या जमनीलाही. असा माझा वर्ग सुरू झाला. बाबांच्या खोलीत, बरं का! खिडक्या उघडाव्या लागल्या. शाईला वास फार.

पहिल्याच आठवड्यात तानाबाईने स्वतःचं नाव कोरलं आणि कागद उचलून ओरडली, "अवो बाई, हे तं उलटं उमटलं! मी तं सुलटंच कोरलंतं!" त्या दिवशी आम्ही इतक्या हसलो की समोरचे लोक डोकावून गेले. सुग्राबीचं बोट कापलं. मला वाटलं, आता ही यायची नाही. चिंधी बांधून ती परत कोरायला बसली.

मग कळलं की जिनिंगची यंत्रं भंगारात जाणार आहेत. तानाबाई म्हणाली, "जायच्या आधी आपण त्याचं चित्र काढू. मोठं. दारायेवढं." प्लायवूडची अख्खी फळी आणली. सुग्राबीने पट्टे आणि चाकं कोरली, जमनीने फाटकाबाहेर थांबलेल्या बैलगाड्या, आणि तानाबाईने मधोमध कापसाच्या ढिगाभोवती बसलेल्या बायका. कोरून झालं आणि घोडं अडलं. एवढं मोठं चित्र वाटीने घासून उमटेना. काळे-पांढरे ठिपके तेवढे यायचे. मी म्हटलं, जाऊ द्या, तुकड्यातुकड्याने छापू. तानाबाई ऐकेना. "तुकडे नाई पाडाचे बाई. आमी एकाच जागी बसत होतो."

तोडगा सुग्राबीने काढला. तिचा भाचा इम्तियाज रोडरोलर चालवतो, आणि जिनिंगसमोरच रस्त्याचं काम चालू होतं. ठेकेदाराला विचारून तो रविवारी रोलर घेऊन आला. फाटकासमोर आम्ही फळी मांडली, शाई लावली, तिच्यावर ओलसर मांजरपाट अंथरला, वरून सतरंज्या. गर्दी जमली. कोळशाचे दोन ट्रकही थांबले. कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्या रस्ता छापून राह्यल्या का?" इम्तियाज म्हणाला, "मॅडम, फुटलं तं मले बोलू नका." मी मान हलवली आणि बाजूला झाले.

रोलर वर चढला आणि कडाड आवाज झाला. फळी मधूनच तडकली. जमनीने तोंडावर पदर घेतला. मला कापडाला हात लावायचा धीर होईना. तानाबाईने सतरंज्या ओढून फेकल्या, कापडाचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. उचललं, आणि आभा, सगळं उमटलं होतं! चाकं, गाड्या, बायकांच्या नाकातल्या चमक्या. मधून एक पांढरी रेघ गेली होती, तेवढीच. गर्दीतून एक बाई पुढे आली आणि बोट ठेवून ओरडली, "हे मी! हा माझाच खांदा हाय!" मग दुसरी, मग तिसरी. ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले. आम्ही कापड फाटकावर टांगलं, आणि तडकलेल्या फळीवरून शाई संपेपर्यंत छापत राहिलो. संध्याकाळी तानाबाई म्हणाली, "काहून रडता बाई? जमलं ना!" मी रडतेय हे मला कळलंच नव्हतं. सोमवारी वर्गात आणखी बायका आल्या. बसायला जागा पुरेना, म्हणून बाबांची खुर्चीही आता कामाला घेतलीय.

आता तुझ्या त्या गोष्टीबद्दल. पुढच्या शनिवारी हे घर विकत घ्यायचं म्हणून बघायला जे लोक यायचे आहेत, त्यांना येऊ नका म्हणून कळव. पुण्याला माझ्यासाठी तू खोली तयार केलीस, पडदेसुद्धा लावलेस. पोरी, तुझी माया मला कळते. पण मी इथेच राहणार आहे. मी बरी आहे, असं फोनवर म्हटलं असतं तर तुझा विश्वास बसला नसता, म्हणून हे सगळं लिहिलं. पुण्यातली खोली पाहुणी म्हणून वापरीन, आणि येताना शाई धुऊन येईन.

तुझीच, शाईने माखलेली,
आई