ड्रायव्हरच्या बाजूची मॅट

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.

लिंबं चिरडली तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

मंडळाचा दसरा यंदाही हॅरोच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. कार्यक्रम संपल्यावर कार पार्कमध्ये गाडीची पूजा केली. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. पुढच्या चाकांखाली लिंबं मीच ठेवली. ह्यांनी गाडी जरा पुढे घ्यायची, लिंबं चिरडली की थांबायचं — दर वर्षीचंच. लिंबं चिरडली आणि गाडी थांबलीच नाही! थेट समोरच्या बुटक्या लोखंडी खांबावर. पलीकडे मुलं आपट्याची पानं वाटत होती.

कुणाला काही झालं नाही. देवाची कृपा. बंपर आत गेला.

विनय धावत आला. 'बाबा, काय झालं?' ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं — 'अरे, माझ्यामुळे झालं. काल मी मॅटना खोबरेल तेल लावलं होतं. पाय घसरला ह्यांचा.'

रबराच्या मॅट, जुन्या, करड्या पडलेल्या. पूजेला गाडी बरी दिसावी म्हणून काल तेल चोळलं होतं. चकाकल्या अगदी! पण येताना माझी चप्पलसुद्धा सरकत होती. तेव्हाच बोलायला हवं होतं.

ह्यांनी नुसती मान हलवली. चावी विनयने खिशात टाकली. तोच गाडी घरी घेऊन आला.

१३ ऑक्टोबर, रविवार

विनय आणि सून वरदा स्टॅनमोरहून सकाळीच आले. विनयने रात्रभर विचार केलेला दिसला.

'आई, तेल होतं, मान्य. पण तिथे मुलं होती. बाबांना आता गाडीची गरज काय आहे? बस फुकट आहे. ट्यूब ट्रेन आहे. कुठे लांब जायचं असेल तर मी आहे की.'

मी आहे की! मागच्या महिन्यात दोनदा फोन केला तर मीटिंगमध्ये होता.

हे सोफ्यावर. मग मीच बोलले. म्हटलं, पाय घसरला तो तेलाने, वयाने नाही. शिक्षा करायची तर मला कर. वरदा म्हणाली, 'आई, शिक्षा कोण करतंय? सेफ्टीचं बोलतोय तो.'

हे रिटायर झाल्यापासून गाडी हेच ह्यांचं ऑफिस. गुरुवारी भजनाच्या बायकांना एजवेअरभर फिरून गोळा करायचं, शनिवारी मला मारुतीला न्यायचं, कुणाला हॉस्पिटल, कुणाला विमानतळ. फोन आला की डायरीत लिहून घेतात, आवाज बदलतो. गाडी गेली की हे खिडकीपाशी बसणार. मला ते बघायचं नाही.

शेवटी विनयने कबूल केलं. मॅट साफ करा, तेलाचा अंश राहता कामा नये. मग एका रविवारी मी बाबांच्या शेजारी बसतो. नीट चालवली तर चावी परत. नाहीतर गाडी विकायची, त्यावर चर्चा नाही.

वरदा म्हणाली, 'नव्या मॅट मागवते, परवा येतील.' मी नको म्हटलं. फाटल्यात कुठे? आणि नव्या आणल्या तर दोष तेलाचाच होता हे कळणार कसं?

संध्याकाळी ह्यांनी स्वतःच चारही मॅट काढून मागच्या बागेत टाकल्या. मला हात लावू दिला नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

थंड पाण्याने धुतल्या. चूक. खोबरेल तेल ह्या हवेत गोठतं! खाचाखाचांत पांढरं बसलंय, मेणासारखं. ब्रशने घासलं की एका खाचेतून दुसऱ्या खाचेत.

दुपारी कोमट पाणी आणि भांड्याचं लिक्विड. कपड्यांचा मऊ ब्रश. तारेची घासणी नाही, रबर ओरबाडतं आणि मग त्यात जास्त मळ बसतो. आधी मागची बाजू, मग पुढची. पाणी ओतलं तर अजूनही मॅटवर थेंब गोळे होऊन पळतात. म्हणजे तेल आहे.

हे दारात उभे राहून बघत होते. 'अगं, पुरे आता.'

पुरे कसं?

१६ ऑक्टोबर, बुधवार. कोजागिरी.

पुन्हा धुतल्या. ड्रायव्हरच्या बाजूची सगळ्यात लवकर स्वच्छ झाली. तिला तेल कमी लागलं असेल, मी शेवटी लावलं होतं.

लवकर वाळाव्यात म्हणून एक हीटरवर टाकली, तर कडा वर वळल्या. अशी मॅट पेडलखाली अडकली असती म्हणजे? परत गरम पाण्यात घातली, सपाट लादीवर पसरली, वर विटा ठेवल्या. बसली. बाकीच्या सावलीत वाळवल्या.

रात्री ढग. चंद्र दिसला नाही. दुधात बघितल्यासारखं केलं. हे जिन्यावरून खाली आले ते एकाच पायात सपात. दुसरी वर राहिली होती, ह्यांना पत्ता नाही. मी हसले. हे हसले नाहीत.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

भजन आमच्याकडे ठेवलं, कारण बायकांना आणायला गाडी नाही. त्या बसने आल्या आणि येऊन बसवरच बोलत राहिल्या.

कस्तुरीताईंच्या जिभेला हाड नाही. टाळ हातात घेता घेता म्हणाल्या, 'वहिनी, खोबरेल केसांना लावतात हो! आता इंजिनला काय, साजूक तूप?' सगळ्या हसल्या. मीही हसले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. जेवढ्या मला हसतील तेवढं ह्यांच्याबद्दल कुणी काही बोलणार नाही.

हे चहाचा कप अर्धा टाकून उठले आणि बागेत गेले. कस्तुरीताई म्हणाल्या, 'भाऊसाहेब रागावले वाटतं तुमच्यावर अजून.' असेल.

१९ ऑक्टोबर, शनिवार

मॅट स्वच्छ आहेत. पण दिसतात भयंकर. तेल होतं तेव्हा काळ्या तरी दिसत होत्या. आता राखेसारख्या, कडेला पांढरे डाग. मागच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे ते. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसले. बरेच गेले.

मारुतीला बसने गेले. एकटीच. हे पाय दुखतो म्हणाले. कुठला विचारलं तर म्हणाले दोन्ही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

ह्यांनी सुचवलं, बुटाचं पॉलिश लावू का. नको! बुटाला लागेल, बुटाचं गालिच्याला लागेल, आणि पुन्हा घसरगुंडी. वरदाला फोन केला. तिने नेटवर बघून सांगितलं — 'आई, रबरासाठी पाण्यात बनवलेलं मिळतं, वाळल्यावर चमकत नाही, निसरडं होत नाही. सिलिकॉनवालं घेऊ नका. आणि ड्रायव्हरच्या मॅटला काहीच लावायचं नाही. काहीच म्हणजे काहीच. पेडलनासुद्धा नाही.'

बाटली विनयकडून मागवली. मी खर्चात लिहिली, तो पैसे घेत नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

लेबल दोनदा वाचलं. आधी मॅटच्या मागे कोपऱ्यात लावून पाहिलं. मग फडक्यावर थोडंसं घेऊन पातळ हात फिरवला, जास्तीचं लगेच कोरड्या फडक्याने टिपून घेतलं. आता रात्रभर वाळू द्यायचं.

शेजारची आणि मागच्या दोन, तिघी झाल्या काळ्या. चमक नाही, नुसत्या काळ्या, जशा घेतल्या तेव्हा होत्या. ड्रायव्हरची राहिली करडी. तीन सख्ख्या, एक सावत्र!

२४ ऑक्टोबर, गुरुवार

परीक्षा घेतली. मॅट ओट्यासमोर लादीवर ठेवली, पाणी शिंपडलं, ह्यांचे जुने बूट घालून टाच फिरवली. घट्ट. मग हाताने दाबून पाहिलं, मग टिश्यू चोळला, टिश्यूवर तेलाचा डाग नाही. विनय परवा घर्षण ह्या अर्थाचं काहीतरी इंग्रजीत सांगत होता. अरे, मला आहे माहीत. मॅट्रिकला शास्त्रात होतं.

गाडीत खाली ज्या दोन हुकांवर ड्रायव्हरची मॅट बसते त्यातला एक तुटका निघाला. नवा आणून बसवला. आता मॅट पुढे सरकत नाही. मी सीटवर बसून तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून पाहिली. कुठे अडत नाहीत. चाळीस वर्षं शेजारच्या सीटवर बसले, ह्या सीटवर आज पहिल्यांदा.

जुनी मॅट काढल्याशिवाय वर दुसरी टाकायची नाही, हेही लिहून ठेवते. कस्तुरीताईंकडे दोन-दोन आहेत, सांगायला हवं.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज घड्याळं मागे गेली. विनय तासभर उशिरा आला असं वाटलं, त्याने फोनवरचं बघितलं, आम्ही भिंतीवरचं.

हे ड्रायव्हरला, विनय शेजारी, मी मागे. मनात रामरक्षा. एजवेअरहून स्टॅनमोर, तिथून हॅरो, तोच कार पार्क, परत. ह्यांनी फार जपून चालवली. सिग्नल लांब असतानाच ब्रेक. मागचा एकजण हॉर्न मारून गेला. पार्किंग पहिल्याच फटक्यात.

विनय उतरला, खाली वाकून मॅट हाताने ओढून पाहिली. हलली नाही. 'आई, मानलं तुला.' मग ह्यांना म्हणाला, 'सॉरी बाबा. पण मला विचारावं लागलं.'

'बरोबर आहे तुझं,' हे म्हणाले. चावी घेतली. शर्टाच्या खिशात ठेवली.

मी शिरा केला. बदाम घालून.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

भजनाच्या सगळ्यांना फोन केले. परवा दिवाळी असली तरी गुरुवार आहे, गाडी येईल, नेहमीच्या वेळी बाहेर उभ्या राहा.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

पहाटे अभ्यंगस्नान. ह्यांच्या पाठीला, पायांना तेल लावलं. तिळाचं. तळव्याला जोरात चोळलं तर म्हणाले, लाव ना. म्हटलं, लावतेच आहे.

संध्याकाळी बायकांना आणायला निघायचं तर म्हणाले, आज बसने या म्हणावं त्यांना. का? डोकं जड आहे. चार फोन परत केले. कस्तुरीताई म्हणाल्या, 'अजून मॅट ओली आहे वाटतं!'

राग आला. एवढं घासलं, विनयने तपासलं, तरी ह्यांचा माझ्या कामावर विश्वास बसेना. बोटांना अजून त्या लिक्विडचा वास येतोय.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन.

पूजा नीट झाली. वह्यांना हळदकुंकू वाहिलं. गाडीलाही लावायला जाते म्हटलं तर हे म्हणाले, राहू दे.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा.

ओवाळलं. ह्यांनी ताम्हणात गाडीची चावी टाकली. मला वाटलं चेष्टा. म्हटलं, मला कुठे चालवता येते!

म्हणाले, 'त्या दिवशी माझ्या बाजूची मॅट गाडीत नव्हतीच. सकाळी हात लावला तर गुळगुळीत लागली, म्हणून डिकीत टाकली होती. तुझ्या बाजूची राहू दिली, तुला वाईट वाटेल म्हणून.'

'मग पाय?'

'पाय ब्रेकवर आहे असं वाटलं. नव्हता. अगं, माझा पाय कुठे आहे तेच मला कळत नाही हल्ली.'

निरांजन हातातच होतं. ते खाली ठेवलं. मग मला एवढे दिवस घासू का दिलंत, असं विचारलं. म्हणाले, 'तू घासत होतीस तोवर गाडी माझी होती.'

म्हटलं, विनयला मी सांगते. फोन लावते.

'लाव. पण बोलणार मी.'