हलायचं नाही

देवास, ता. ६ जानेवारी १९१९
आजपासून रोज लिहिणार. धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या महाराजांच्या हद्दीतल्या, माळावर सिनेमा कंपनीने कापडाचा स्टुडिओ उभारला. आठ वर्षांचा राजपुत्र हवाय. आमचा भगवंत आठाचा! रुक्मिणीताईचा एकुलता एक. मेहुणे प्लेगात गेले. ताई म्हणाली, बापू, एवढं पोराचं कर. करणारच. बावीस वर्षे फोटोग्राफी केली ती काय गोवऱ्या थापायला?

ता. ७
हलते चित्र म्हणजे काय? पुष्कळशी न हललेली चित्रे. लोकांना कुठे कळते! तालमीचा नियम एकच: मी 'झालं' म्हणेपर्यंत हलायचं नाही. पापणीसुद्धा. भगवंत बत्तीस मोजेपर्यंत टिकला. माझी इंदू, वय सहा, तीनवर खदखदली. तालमीतून हाकलली.

ता. ८ ते १४
लिहिणे राहिले. डोळे दुखत होते.

ता. १५
भगवंत सव्वाशे! नाकावर माशी, तरी ढिम्म नाही. ऊर भरून आला. ताईची कुरकुर, पोर जेवतानाही ताठ बसते. बायकांना कला कळत नाही.
कंपनीचा गाडीवान म्हणाला, भिया, वहाँ तो बच्चे दिनभर भागते हैं. भागत असतील. म्हणूनच राजपुत्र मिळेना.

ता. १९
उद्या स्टुडिओत परीक्षा. तोवर चहा बंद. (दोनदा घेतला. थंडी फार.) ताई टेकडीवरच्या देवीला खण बोलून आली. भगवंताने विचारले, मामा, शिंक आली तर? म्हटले, राजपुत्र शिंकत नाहीत.

ता. २०, दुपारी १
रंगवलेल्या नदीत राणी हातपाय मारतेय, डायरेक्टर ओरडतोय, राजपुत्रा, धाव, आई बुडतेय! भगवंत खांब. पुन्हा ओरडला. खांबच. मशीन फिरतेय आणि पोर माझ्याकडे बघतेय. 'झालं' म्हणायला हवे होते. पण समोर कॅमेरा चालू. मीही श्वास धरून उभा. बावीस वर्षांची सवय!
तेवढ्यात बघ्यांतून इंदू सुटली. अरे बघतोस काय मेल्या, म्हणत त्याला ढकलून स्वतःच धावली. तिलाच घेतली. केस कापून राजपुत्र करणार.

सायंकाळी ६
डायरेक्टर अडाणी. इंदूही शेवटी माझ्याच तालमीतली. ताईने देवीसाठी आणलेला खण पेटीत ठेवून दिला. बोलली असती तर बरे.
भगवंत अजून अंगणात उभा. गालांवरून ओघळ, पुसत नाही. म्हटले, आत चल रे, पोहे केलेत. हलेना.
बऱ्याच वेळाने, पापणी न हलवता, त्याने विचारले, मामा, झालं का?
झालं, म्हटले.