एक्केचाळीस नंबरचा व्हॉल्व

२८ जानेवारी, रविवार

धनाजीआण्णा सकाळीच आले. पाणी संस्थेचे चेअरमन घरी आले की काहीतरी फुकट करून द्यायचं असतं, एवढं आता कळतं. "बाई, पाणी चोरीला जातंय. तुमच्या कॉम्प्युटरला कुलूप घाला."

कॉम्प्युटर संस्थेचा. पण दोन वर्षांपूर्वी नदीवरची मोटर आणि शेतांतले व्हॉल्व फोनवरून उघडायची सोय मी करून दिली, तेव्हापासून तो 'माझा'. कुलूप तेव्हा घातलंच नव्हतं. "आपलीच माणसं हायत," असं आण्णा म्हणाले होते आणि मी — पलूसच्या कॉलेजात मुलांना कॉम्प्युटरची सुरक्षा शिकवणारी — मान डोलावली होती.

चोरी पाइपलाइनच्या अगदी टोकाला, एक्केचाळीस नंबरवर. तो कुणाच्या शेताचा व्हॉल्व नाही, पाइप धुण्यासाठीचा आहे. खाली साळूबाईचे चार वाफे. ती सभासद नाही. मेथी मात्र हिरवीगार.

३१ जानेवारी

नवा सर्व्हर. त्यावर मेसेज ब्रोकर बसवला. आण्णांना समजावलं — हे पोस्ट ऑफिस समजा. फोन चिठ्ठी टाकतो, व्हॉल्व आपली चिठ्ठी उचलतो. आतापर्यंत बिननावाची चिठ्ठीही चालायची. आता नाव हवं, पासवर्ड हवा, चिठ्ठी बंद पाकिटात, आणि ज्याने त्याने आपलाच व्हॉल्व उघडायचा. सगळे व्हॉल्व फक्त माझ्या नावाला उघडतील, देखभालीपुरते.

"म्हंजे पोस्टमन वळखीचा पायजे."
"पोस्टमन नाही, चिठ्ठी लिहिणारा."
"त्येच वो."

तेच नाही. पण सोडून दिलं.

४ फेब्रुवारी

जुना सर्व्हर बंद केला, चाळीस सभासदांना पासवर्ड वाटले. कुणाला सांगू नका, असं प्रत्येकाला बजावलं. संध्याकाळी फेरी मारली. सात जणांनी तो स्टार्टरच्या पेटीवर चुन्याने लिहून ठेवलाय. "इसरतंय म्हणून." आण्णांनी आपला पासवर्ड चहाच्या टपरीवरून मुलाला फोनवर सांगितला, एकेक अक्षर ओरडून.

८ फेब्रुवारी, गुरुवार

एक्केचाळीसला आज पाणी आलं नाही. आण्णांचा फोन — "मानलं बाई तुमाला." आनंद झाला. इतका, की जरा लाज वाटली.

१० फेब्रुवारी

आण्णांनी जुन्या सर्व्हरच्या नोंदी मागितल्या. दिल्या. दर गुरुवारी, पहाटे पाच, एक्केचाळीस, 'उघड'. पाठवणाऱ्याचं नाव नाही.

"पाचला मोटारीवर कोण असतंय? गुंडा."

गुंडा पाटकरी. बावीस वर्षं संस्थेचं पाणी सोडतोय. संस्थेचा फोन त्याच्याजवळ असतो. नवा पासवर्ड त्याला दिला नाही आणि चोरी थांबली, म्हणजे चोर तोच. अठरा तारखेच्या सभेत त्याला कामावरून काढणार.

याला पुरावा म्हणत नाहीत, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघा, तुम्ही ठरवा."

१५ फेब्रुवारी, गुरुवार

साळूबाई कॉलेजच्या फाटकाशी उभी. भांडायला आली असं वाटलं.

"माझं पाणी तुमी बंद केलं म्हणं."

नियम सांगितला. तिने ऐकून घेतला. "बरं. पर गुंडाला कशापायी काढताय? त्येनं मला कवा इचारलं बी न्हाई, पाणी पायजे का म्हणून."

मग पिशवीतून मेथीची जुडी काढून दिली. पिवळी पडलेली. "शेवटचीच हाय." नको म्हणायचं धैर्य झालं नाही. शिजवायचंही होत नाहीये.

१७ फेब्रुवारी

जुना सर्व्हर पुसायला घेतला. पुसण्याआधी त्यावर वेळ लावून ठेवलेली कामं पाहिली. एकच निघालं. दर गुरुवारी पहाटे पाचला एक्केचाळीस उघड, तासाभराने बंद. लावणारी — मी! दोन वर्षांपूर्वी, चाचणीसाठी. कुणाचं नुकसान नको म्हणून मुद्दाम तो व्हॉल्व निवडला होता. चाचणी झाली, काम काढून टाकायचं राहिलं.

आता पुसून टाकलं तर कुणालाच कळणार नाही. हा विचार मनात आला, हे लिहून ठेवते.

१८ फेब्रुवारी, रविवार

सभेत उभी राहिले. सांगितलं, कागद दाखवला. मग मागून आवाज आला, "म्हंजे चोरानंच कुलूप बसवलं की रं!" हशा. मीही हसले. आण्णा हसले नाहीत. गुंडाचं काम टिकलं. त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्याने मान वर केली नाही.

हलकं वाटतंय. खरं बोलल्याचा थोडा गर्वही. तो बरा नाही.

२० फेब्रुवारी

गुंडा आला. आत ये म्हटलं तरी दारातच उभा.

"बाई, तुमी सभेत सांगितलं ते खरं न्हाई."
"अरे, कागद दाखवला की."
"कागद असंल. पर त्यो व्हॉल्व वरीस-दीड वरीस जाम हाय. मशिननं हलत न्हाई. गुरवारी पाचला मोटारीवरच्या पेटीत एक्केचाळीसचा दिवा लागायचा निस्ता. मला वाटलं, हापिसाचा हुकूम. मग तितं जाऊन चावी लावून हातानं सोडायचो."
"इतके दिवस?"
"पुढं कळलं, हुकूम-बिकूम काय न्हाई. पर तवर म्हातारीचं वाफं लागलं हुतं. म्हटलं, दिवा लागतोय तवर सोडायचं."
"मग आता का नाही सोडत?" विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.
"आता दिवा लागंना. निस्त्या माझ्या मनानं सोडलं तर ती चोरी हुईल की वो."

चहा न घेता गेला.

म्हणजे मी खरं बोलले, आणि ते चूक होतं. आण्णांनी पुरावा चुकीचा धरला, माणूस बरोबर. हे सभेत पुन्हा उभं राहून सांगायचं? माझं मन हलकं होईल. गुंडाचं काम जाईल.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे पाच. एक्केचाळीस, 'उघड'. माझ्या नावाने, माझ्या पासवर्डने, बंद पाकिटात. ब्रोकरने सगळं तपासून चिठ्ठी पुढे दिली. दिवा लागला असेल.