आगीचं नाव न घेता

६ नोव्हेंबर

घालवलं. आपल्याच हातानं घालवलं!

सिंदीच्या प्रभाकररावनं त्यायच्या कापसाच्या जिनिंगच्या मुहूर्तावर बोलावलं होतं — "सगळे भागीदार राहतीन मॅडम, तेव्हाच दाखवा तुमचं मशीन." कापसाच्या पहिल्या गाडीची पूजा झाली, शेतकऱ्याले शेला-टोपी दिली, पेढे वाटले. मग मी आमच्या आगीच्या सेन्सरचं सांगायले लॅपटॉप उघडला. पहिलीच स्लाइड — कापसाची जळती गंजी. खाली मोठ्या अक्षरात, 'आग सांगून येत नाही.'

प्रभाकररावची आई, प्रमिलाबाई, उठून उभ्या राह्यल्या. "बंद कर वो माय ते! मुहूर्ताच्या दिवशी कापसासमोर आगीचं नाव घेतात का?" लगेच कापसावर हळदीचं पाणी शिंपडलं. भागीदार पेढा हातात घेऊन खाली पाहत बसले. मी काय परदेशातून आली? जन्म वर्ध्यात गेला अन् एवढं समजू नये मले?

७ नोव्हेंबर

नागपूरहून आमच्या साहेबाचा, सुश्रुत सरचा फोन: "या महिन्यात ऑर्डर नाही आली तर वर्ध्याचं ऑफिस बंद. मोहिनी, तू रायपूरला." आईचं डायलिसिस इथं. तिले रायपूरले कशी नेऊ, अन् इथं ठेवू तर कोणाच्या भरवशावर?

९ नोव्हेंबर

प्रपोजल पुन्हा लिहिलं. आग, धूर, नुकसान — शब्दच काढून टाकले. आता नाव 'रुईची राखण'. सेन्सर कापसाच्या गंजीची उष्णता पाहणार, वाढली की मालकाच्या मोबाइलवर भोंगा. आईले वाचून दाखवलं. "रुईले ताप आल्यासारखं वाटते वो," म्हणे. दोघी हसलो, लय दिवसांनी.

सर म्हणे, डिलिव्हरी आठ दिवसांत असं लिही. माल आहे का विचारलं तर — "तू लिही तर खरं."

लिहिलं.

१२ नोव्हेंबर

आधी प्रमिलाबाईच्या पाया पडली, मग बोलली. आगीचं नाव नाई घेतलं. शेवटी प्रभाकरराव म्हणाले, "पण रात्रीले आमचा रूपराव आहे न. जुना चौकीदार." सगळं हातचं जाते असं वाटलं. तोंडातून निघून गेलं — "भाऊ, माणसाचा डोळा लागते. ह्याचा नाई लागत."

भागीदारांनी एकमेकांकडं पाहिलं. सही झाली! एसटी स्टँडवर रडली मी, लोकं पाहून राह्यलते.

२० नोव्हेंबर

माल कंपनीतून निघालाच नाई. सर म्हणतात, डिसेंबर.

२२ नोव्हेंबर

मोजमाप घ्यायले सिंदीले गेलती. चहाच्या टपरीवर रूपरावकाका भेटले. त्यायले कामावरून काढलं. "मशीन येऊन राह्यलं म्हणे ताई, मंग माणूस कायले पाहिजे?" आवाजात राग नाई. चहाचे पैसेही त्यायनंच दिले. म्हणे, "सवय मोडत नाई पण. रात्री जाग येते, फाटकापर्यंत जातो, गंज्या पाहतो, वापस येतो."

माझ्या एका वाक्यानं काढलं त्यायले. प्रभाकररावले सांगायले पाहिजे — मशीनले वेळ आहे, तोपर्यंत रूपरावकाकाले ठेवा. पण सांगितलं तर ऑर्डर रद्द. ऑर्डर रद्द तर रायपूर. नंबर लावला, कट केला. पुन्हा लावला. पुन्हा कट.

२४ नोव्हेंबर

आज फोन करणारच होती. पण आईचा डायलिसिसचा दिवस. तिले लय थकवा आला, अंग थंड पडलं. संध्याकाळपर्यंत मी तिच्याजवळून हलली नाई. उद्या करते.

२५ नोव्हेंबर

नाई केला.

२६ नोव्हेंबर

रात्री सिंदीच्या जिनिंगले आग लागली. दोन गंज्या गेल्या. प्रभाकररावचाच फोन आला — "रूपरावले रात्री फाटकापाशी पाहिलं लोकायनं. काढल्याच्या रागानं त्यानंच लावली. पोलिसांनी नेलं त्याले. मॅडम, तुमचं मशीन लवकर पाठवा. शेजारचे दोघं जिनिंगवालेही घेतो म्हणतात."

सर खूश आहेत. रायपूर टळलं.

रूपरावकाका रात्री तिथं काऊन जातात, हे त्यायनं मले सांगितलं होतं. बाकी कोणालेच माहीत नाई.