धुण्याचा दगड

मालेगाव, जि. वाशीम
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वैष्णवी,

मामाचा आशीर्वाद घे, जावईबापूले राम राम सांग. तूर निघाली, हरभरा घाट्यावर आला. तुही मामी गुडघ्यानं बेजार आहे, पण तोंड चालूच आहे.

तू फोनवर तीनदा त्या कबरीचं इचारलं अन् तिन्ही खेपेले मी 'आवाज येत नाई' म्हणून फोन ठेवला. आवाज येत होता, पोरी.

तुह्या सासूबाईनं आपल्या पणजोबाचं सारं आयुष्य जुळवलं, ऐकून चाट पडलो. सतराव्या वर्षी तिकडं अमेरिकेत गुलामगिरीच्या लढाईत, मंग रेल्वेचे रूळ टाकाले, अन् पन्नाशीत मदतीच्या मक्याच्या जहाजासंग आपल्या वऱ्हाडात, अठराशे सत्त्याण्णवच्या दुष्काळात. त्याच साली पत्रं बंद. बायको जन्मभर म्हणत राह्यली का त्यानं मले टाकलं. कबरीवर सत्त्याण्णव असन तं बिचारा मेला म्हणून पत्रं थांबली. नव्याण्णव असन तं जित्ता असून लिहिलं नाई, म्हणजे टाकलंच. तुह्या सासूले, त्या म्हातारीले, तेवढंच पाह्यजे.

जावईबापू तो पणजोबा शोधाले आला अन् तुले घेऊन गेला. तवा मी त्याले म्हटलं, इथं कबरबिबर काही नाई. खोटं बोललो.

कबर आपल्याच वावरात होती, धुऱ्यावर, बांधाच्या कडेले. मी पंधरा वर्षांचा असताना वखराले दगड लागला. काळा, चांगला रुंद. तुह्या आजीले धुण्याले दगड नव्हता; बैलबंडीत घालून घरी आणला. अक्षरं पाह्यली मी. पण आमच्या टायमाले इंग्रजी पाचवीपासून, अन् माही शाळा चौथीत सुटली. आईनं अक्षराची बाजू वर ठेवाले लावली, मळ लवकर निघते म्हणून.

पन्नास वर्षं झाली. आधी आई, मंग मामी. तू झाली तवाचे तुहे लंगोट बी त्याच्यावरच आपटले.

परवा दगड घासला, उन्हात तिरपा धरला, शाळेतल्या मंजुषा मॅडमले बोलावलं. तिनं वाचलं: त्याच्या नावाची चार अक्षरं जुळली, मंग एक, आठ, नऊ. पुढचा आकडा नाई. मी डोळे मिटून बोट फिरवलं. गुळगुळीत आहे.

मामी म्हणते, सत्त्याण्णव सांगून टाका, कोण येते पाहाले. जीभ उचलत नाई. अन् खरं काय सांगू, मलेच ठाऊक नाई. म्हातारीले काय सांगाचं ते तूच पाह्य.

दगड मोरीतून काढून ओट्यावर ठेवला. आता ठेवून काय होते.

तो एक आकडा धुवून बसलेला,
तुहा मामा,
नानाजी