डावीकडून आलेला आवाज

प्रिय ठकू,

काल फोनवर तू हसलीस, पण हसणं लवकर आवरलंस. मग आईने सांगितलं, जावईबापू आणि तू तीन आठवडे कामापुरतंच बोलता आहात. परवा त्यांनी भाजी आणली तर तू म्हणालीस म्हणे, "नीट बघून आणलीत ना, की त्या बेअरिंगसारखीच?" आई हसत सांगत होती. मी जेवण अर्धं टाकून कागद शोधला. फोनवर मला हे बोलता येणार नाही. तू मध्येच "असू दे हो बाबा" म्हणशील आणि मी आनंदाने गप्प बसेन. खाडाखोड दिसेल ती चालवून घे. आमच्या शाळेत खाडाखोडीला गुरुजी काही म्हणत नसत, पान फाडलं की मात्र मारायचे.

तो रविवार आठव. "बाबा, वळताना गाडी दात खातेय," असं म्हणत तू गॅरेजात शिरलीस आणि मागच्या सीटवरून तुझ्या बारकीने तो आवाज काढूनही दाखवला. बेअरिंगची खोकी तू माझ्या हातात दिलीस, पुढच्या दोन्ही चाकांची. जावईबापूंनी अर्धी रजा टाकून, दुकानात उभं राहून, नंबर जुळवून आणली होती. मी हसलो. म्हटलं, दोन कशाला, एकच गेलं असणार. कुठलं ते गाडी मला सांगेल.

मोठ्या रस्त्यावर नेली. डावीकडे वळवली की खरखर, जात्यात खडा आल्यासारखी. उजवीकडे वळवली की गप्प. माझ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की गाडी डावीकडे वळते तेव्हा सगळा भार उजव्या चाकावर येतो, म्हणून डाव्या वळणावर ओरडली तर आधी उजवं चाक बघायचं. मग जॅक लावायचा, चाकामागच्या स्प्रिंगवर बोटं ठेवायची आणि चाक हाताने फिरवायचं. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंग बोटांखाली थरथरते. दोन मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. मला आवाज डावीकडून आला होता, अगदी स्वच्छ. आणि या रस्त्यावर माझं नावच असं की लोक म्हणतात, याला गाडी दाखवू नका, नुसती ऐकवा. मी डावं बेअरिंग बदललं, अंगणात हळू दोन चकरा मारल्या. एवढ्या वेगात कुठलंच बेअरिंग ओरडत नाही, हेही मला ठाऊक होतं. तुला निघायची घाई होती. बारकी झोपेला आली होती. मी हात हलवला.

तू गेल्यावर काढलेला नग भंगारात टाकायला उचलला आणि सवयीने बोटावर फिरवला. लोण्यासारखा फिरला. पुन्हा फिरवला. कुठे अडकणं नाही, खरखर नाही. चांगल्या चाकात मी नवा नग बसवला होता आणि खराब चाकावर तुला आणि बारकीला घाटाकडे पाठवलं होतं.

फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन पिशवीत ठेवायचा, हे मीच तुला बजावलेलं. उरलेलं खोकं आणि अवजारं पोत्यात घातली, स्कूटर काढली. आई ओरडली, "अहो, चहा!" मी थांबलो नाही. वाटेत देवाशी काय बोललो ते लिहीत नाही. मोठं काही नव्हतं, एकच मागणं होतं, ती कुठेतरी थांबलेली असू दे. प्रत्येक वळणावर आधी रस्त्याच्या कडेला बघायचो.

घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल पंपावर तू उभी होतीस. आवाज वाढला, स्टिअरिंग थरथरायला लागलं, म्हणून थांबलीस. शहाणी माझी बाई. मी उजव्या चाकाला हात लावला आणि बोट भाजलं. त्या क्षणी देवाने मला हवं ते दिलेलं होतं. पुढचं खरं बोलणं तेवढं माझ्याकडे होतं.

तू विचारलंस, "बाबा, आत्ताच तर बदललंत ना?" आणि मी म्हणालो, नग नकली निघाला, त्याचा ताण दुसऱ्या चाकावर आला. असं काही होत नसतं, ठकू. पण तू माझी लेक, तू विश्वास ठेवलास. तिथूनच जावईबापूंना फोन लावून तोफ डागलीस. मी पाना फिरवत ऐकत होतो. मग फोन माझ्या हातात दिलास तेव्हा ते म्हणाले, "चुकलंच माझं, बाबा. तुम्हाला विचारून आणायला हवं होतं." मी म्हणालो, "असू दे." दुसऱ्याच्या चुकीला माफी दिल्यासारखं.

तुला सांगितलं होतं की डावा नग घट्ट केलाय, चालेल, आणि उजव्या चाकाला माझ्याकडचा जुना, खात्रीचा नग लावला. तो त्यांच्याच खोक्यातला दुसरा होता. तीन आठवडे तुझी गाडी त्यांनी आणलेल्या दोन बेअरिंगांवर बिनआवाज चालते आहे.

आणि आवाज डावीकडूनच का आला, तेही सांगतो. दोन वर्षं झाली, माझा उजवा कान बंद आहे. त्यामुळे जगातला प्रत्येक आवाज मला डावीकडूनच येतो. आई म्हणते, "माझ्याच हाका बऱ्या ऐकू येत नाहीत," आणि मी हसून वेळ मारून नेतो. आज तिलाही सांगितलं. तिने लगेच डॉक्टरांची वेळ घेतली. गुरुवारी डॉक्टरकडे जाणार आहोत. जावईबापूंशी मी स्वतः बोलेन, पण आधी तुला कळायला हवं होतं, कारण टोमणे तू मारते आहेस आणि ते माझ्या वाट्याचे आहेत. हे पत्र घडी करून ठेवू नकोस. संध्याकाळी ते घरी आले की समोर बसव आणि मोठ्याने वाचून दाखव, पहिल्या ओळीपासून. बारकी ऐकत असली तरी चालेल.

तुझाच,
बाबा