शिमग्यातल्या शनिवारी मुलाखतीला जाऊ देणेबाबत

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
नीलकिनारा मत्स्यप्रक्रिया कारखाना, रत्नागिरी.

विषय : शनिवार, दि. ११ मार्चची रजा व एक्झिक्युटिव्ह एमबीए प्रवेशासाठी ना हरकत दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज, ज्यांवर 'शिमग्यानंतर बघू' असा आपला शेरा आहे.

महोदय,

सविनय अर्ज करते की, मी आपल्या कारखान्यात शीतगृह विभागाची 'प्रभारी' प्रमुख आहे. हे 'प्रभारी' काढायला व्यवस्थापनाची पदवी लागते, असे आपणच मला सांगितलेत. म्हणून नोकरी सांभाळून करायच्या या अभ्यासक्रमासाठी पुण्याला अर्ज केला आणि, नवल म्हणजे, यादीत नाव लागले. शनिवारी सकाळी मुलाखत आहे. दाखला हाती नसेल तर दारातूनच परत पाठवतात. पुढची संधी वर्षाने, आणि प्रमुखाची जागा तर प्रवेश मिळालेल्यांतूनच या जूनमध्ये भरणार, असे आपले परिपत्रक आहे.

तारीख मीच निवडली. प्रवासात रोजा नको म्हणून रमजानच्या आधीचा शनिवार घेतला. शिमगा डोक्यातच आला नाही! दरवर्षी अख्खा कारखाना पालखीसाठी गावी जातो आणि मागे मी शीतगृह सांभाळते. ईदला हीच मंडळी माझी पाळी उचलतात. ही आमची आपसातली रीत, तिला कागद नाही. ज्या सणाला मी कधी रजा मागितली नाही, नेमका तोच विसरले.

आपण म्हणालात, बदली माणूस आणा. शिमग्यात रत्नागिरीत बदली माणूस! तरीही आणला. सहकारी सौ. मनस्वी घाणेकर तयार झाल्या. त्यावर आपली हरकत अशी की, त्यांच्या घरी पालखी शनिवारीच येते, देवीची ओटी भरायला घरची सून हवी, आणि मंजूर झालेली त्यांची रजा उगाच बदलता येत नाही.

पालखी आधी कोणाच्या घरी, हा मान पिढ्यान् पिढ्यांचा. त्यावरून सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड बघत नाहीत, हे आपणास मी काय सांगावे. तरी मनस्वीताईंनी गावात विषय काढला. शेजारच्या सोनूबाईंनी आपला शुक्रवारचा मान त्यांना देऊ केला. गावचे प्रमुख मानकरी, गावकर गंगाराम यांनी गुरवाकरवी देवीला कौल लावला. उजवी पाकळी पडली. फोनवर ते मला म्हणाले, "देवीची काय हरकत नाय. तुमच्या सायबाचा काय ता बघा." हे ऐकून मला रडू आले. अर्जात असे लिहू नये, तरी लिहिते.

परवा दाखला घेऊन आले, तर आपल्याला पेन सापडत नव्हते. उद्या दुपारी आपण सावर्ड्याला आपल्या पालखीला निघणार, ते सोमवारी येणार. म्हणजे सही आजच व्हायला हवी.

नकार द्यायचा असल्यास तोही लेखी द्यावा, ही विनंती. देवीने सोडले आणि साहेबांनी अडवले, हे नुसते तोंडी सांगून कोणाला पटायचे नाही.

माझी पाळी संपली आहे. घरी कळवले आहे. सही होईपर्यंत उठणार नाही.

आपली नम्र, आणि आपल्याच दालनाबाहेरच्या बाकावर बसलेली,
मैमुना फारुक होडेकर
दि. ८ मार्च २०२३

सोबत :
१) मुलाखतीच्या पत्राची प्रत
२) सौ. मनस्वी घाणेकर यांचे संमतीपत्र
३) दाखल्याचा मसुदा, फक्त सही बाकी
४) पेन